डोंगरावरचा शनिवार

मृदुला,

परवा इथल्या, भोपाळच्या मराठी मंडळातून फोन आला होता. त्यांच्या अंकात तुझ्यावर पानभर मजकूर हवा आहे. जन्म कुठला, शिक्षण कुठं, परदेशात किती वर्षं, आणि शेवटी ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. स्वभाव मनमिळाऊ होता असं लिहा, म्हणाले. मी म्हटलं, मनमिळाऊ अजिबात नव्हती, हट्टी होती आणि खोटं फार सफाईनं बोलायची. पलीकडचे गृहस्थ गडबडले. मग मीच म्हटलं की ते पान तुम्हीच लिहा, मला जमणार नाही.

मला जे लिहायचं आहे ते तुला लिहायचं आहे.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. त्यातले पहिले चौदा दिवस तुझी आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती. शनिवार होता, पोरीच्या पोटात काही नव्हतं, तशीच स्टेशनवर गेली आणि जिन्यावर पडली. नवस मीच बोलले होते, मीच तिला उपाशी मारलं. बारावीत तुला टायफॉइड झाला होता तेव्हा काकूंनी मारुतीला सांगितलं होतं की पोरगी उठली तर आम्ही दोघी जन्मभर शनिवार करू. तो हा नवस. निखिलनं त्यांना दहादा समजावलं की हृदयाचा स्नायू आधीपासूनच जाड झाला होता, डॉक्टर म्हणाले हे कधीही होऊ शकलं असतं, उपवासाचा काही संबंध नाही. त्या मान हलवायच्या आणि पुढच्या माणसाला पुन्हा शनिवारापासून सुरुवात करायच्या. दिवसातून एकदाच जेवायचं त्यांनी ठरवून टाकलं, आणि त्यातही दोन घास. निखिलचा मला फोन आला, शुभाताई, तुम्ही सांगून बघा, तुमचं ऐकेल ती. तो तुझा धाकटा भाऊ, इंदूरहून धावत आलेला, डोळे सुजलेले. त्याला काय माहीत की ज्या बाईला तो बोलावतोय तीच दोन गोष्टी दाबून बसली आहे.

दोन्ही गोष्टी मला त्या डोंगरावर कळल्या होत्या. आणि दोन्ही आईला सांगायच्या नाहीत असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस.

म्युनिकमध्ये आपली ओळख होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. दोघी भोपाळच्या. तू बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला मास्तरांच्या घरात, आणि भेट झाली ट्रामच्या थांब्यावर. मी फोनवर भावाशी भोपाळी हिंदीत भांडत होते आणि मागून कुणीतरी शांतपणे मराठीत म्हणालं, जाऊ द्या, धाकटा असेल. मला इतका राग आला होता की मी तुला जवळजवळ तिथंच झापणार होते. त्याऐवजी तुझ्या घरी जेवायला गेले.

आणि मग जातच राहिले. माझं काम सुटलं, तेव्हा दोन महिने तुझ्या सोफ्यावर काढले. माझ्या आईचा फोन आला की तू तो घ्यायचीस आणि सांगायचीस, शुभाला कामाचा फार लोड आहे, मीटिंगमध्ये आहे. मी शेजारी पांघरुणात रडत असायचे. नवीन काम लागेपर्यंत माझ्या घरी कुणाला पत्ता लागला नाही. तुझ्या खोट्याचा मला असा उपयोग झाला आहे, त्यामुळे त्याबद्दल फार बोलायचा मला अधिकार नाही.

तुझ्या ऑफिसातली हाना दर महिन्याला माणसं गोळा करून डोंगरावर न्यायची. साठीची, सडसडीत, बोलायला फटकळ. त्या शनिवारी आपण सात जण होतो. हाना, तिचे दोन शेजारी, तुझ्या ऑफिसातलं ते नवं गुजराती जोडपं, तू आणि मी. माझे बूट नवे होते आणि पहिल्या तासातच चावायला लागले. तुझ्या पिशवीत एक केळं आणि दाण्यांचा डबा, कारण शनिवार. तुझा शनिवार सगळ्यांना माहीत होता. ऑफिसच्या कॅन्टीनमधला माणूससुद्धा शनिवारच्या जादा पाळीला तुला सफरचंद आणून द्यायचा म्हणे.

पाइनच्या झाडांतून रस्ता वर जात होता. एका वळणावर हानानं थांबून सांगितलं की इथून आपण हजार मीटरच्या वर आलो, आता अनोळखी माणसांनीही एकमेकांना अरे-तुरे करायचं, तशी इथली पद्धत आहे. तू लगेच माझ्याकडे वळून म्हणालीस की मग ताई आणि अहो-जाहो खाली ठेवून ये. मी आठ वर्षांनी लहान, मला कठीण गेलं. पहिल्यांदा तुला तू म्हटलं ते रागावून म्हटलं.

झाडी संपली आणि नागमोडी चढ सुरू झाला. वर झोपडी दिसत होती. पहाडावर चढणाऱ्यांना राहायला असते तशी ती, लाकडी, दुमजली, आपल्याला रात्र तिथंच काढायची होती. अर्ध्या चढावर तू थांबलीस. एका हातानं दगड धरलास आणि दुसऱ्या हातानं आम्हाला पुढं व्हा अशी खूण केलीस. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता. मी घाबरले आणि मी घाबरले की मी ओरडते, हे तुला माहीत आहे. उपाशीपोटी डोंगर चढायला कुणी सांगितलं होतं तुला, असं मी मराठीत सुरू केलं. मग त्या जोडप्याला कळावं म्हणून हिंदीत, मग हानाच्या शेजाऱ्यांना कळावं म्हणून मोडक्या जर्मनमध्ये. आमच्याकडच्या बायका अशाच, देवासाठी पोट मारतात, आणि शिकलेल्या जास्त. तीन भाषांत तुझा उद्धार केला. सगळ्यांनी माना डोलावल्या. गुजराती मुलीनं पाणी दिलं, हानानं ग्लुकोजची गोळी दिली, तू ती मुकाट्यानं चघळलीस. मग हानानं तुझं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत राहिली.

दहा मिनिटांनी तू उठलीस आणि हळूहळू वर आलीस.

मी बूट काढून पायाच्या फोडांना पट्ट्या लावत बसले होते, त्यामुळे आत यायला मला उशीर झाला. ते लांबच लांब लाकडी टेबल, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. तू कोपऱ्यात बसून मसुराचं सूप पीत होतीस. शेजारी लोण्याचा जाड थर लावलेला पाव. मी समोर बसेपर्यंत तू सूप संपवून गोड धिरड्याच्या तुकड्यांची मोठी प्लेट मागवलीस, वर पिठीसाखर आणि मनुका. मला वाटलं माझ्या ओरडण्याचा परिणाम झाला. मी म्हटलं, बरं केलंस, एक दिवस मोडला तर मारुती काही रागवत नाही.

"सकाळी दोन अंडी खाऊन निघालेय मी," तू म्हणालीस. "उपवास सोडून चार वर्षं झाली."

मग तू मला सगळं सांगितलंस. पहिल्या थंडीतल्या एका शनिवारी खूप बर्फ पडत होता, घरात साबुदाणा नव्हता, तू टोस्ट खाल्लास. संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा सांगितलंस की खिचडी केली. काही झालं नाही. पुढच्या शनिवारीही काही झालं नाही. नवस आईनं बोललेला, आजारी मी होते पण मला कुणी विचारलं नव्हतं, असं तू म्हणालीस, आणि त्यात राग नव्हता. मग हे केळं आणि दाण्याचं नाटक कशाला, मी विचारलं. तर आपल्या माणसांच्या तोंडाला कुलूप नसतं, म्युनिकमधली बातमी भोपाळला अशोका गार्डनमधल्या आईच्या घरी पोचायला दोन तास पुरे होतात. हे खरंच होतं. मी हसले. तुझ्या ओठाला साखर लागली होती आणि चेहऱ्यावर रंग परत आला होता, म्हणून मी हसू शकले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अगं, मग मघाशी काय झालं होतं तुला?"

"सांस फुलते. तीन महिने झाले. घरच्या जिन्यावर पण."

"मी एवढी ओरडत होते, तेव्हा बोलली का नाहीस?"

"ओरडत होतीस ते बरंच होतं. सगळ्यांना कारण मिळालं."

मृदुला, या वाक्यानं मला सतरा दिवस झोपू दिलेलं नाही. शनिवार, उपवास आणि बाईमाणूस एवढं दिसलं की आपल्या माणसाला दुसरं काही दिसतच नाही. भोपाळमध्ये नाही, म्युनिकमध्ये नाही. मी स्वतःला मोठी शहाणी समजत होते, व्रतवैकल्यांवर तावातावानं बोलणारी, आणि मीच सगळ्यांच्या आधी उपवासाकडे बोट दाखवलं. देवभोळी तुझी आई आणि न मानणारी मी, दोघींनी चूक एकच केली.

मग तू म्हणालीस की आईला यातलं काही कळता कामा नये. उपवासाचं पण आणि याचं पण. मी पक्कं म्हटलं. इतक्या सहज म्हटलं, मीठ इकडं दे म्हटल्यावर म्हणतात तसं.

आणि त्या संध्याकाळी तू काय धमाल केलीस. त्या गुजराती जोडप्यानं नुसती सही करून लग्न केलं होतं, विधी काही झाले नव्हते, हे जेवताना कळलं आणि तू उठलीसच. किचनमधला चौकड्यांचा टॉवेल अंतरपाट म्हणून हानाच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या हातात दिलास, नवरा-नवरीला दोन बाजूंना उभं केलंस आणि खणखणीत आवाजात मंगलाष्टकं सुरू केलीस. टेबलावरच्या अनोळखी माणसांना सावधान म्हणायला शिकवलंस. तिसऱ्या कडव्यापर्यंत चाळीस माणसं एका दमात सावधान म्हणत होती आणि अक्षता म्हणून ओट्स उडत होते. झोपडीची मालकीण झाडू घेऊन उभी होती आणि तीही म्हणत होती. नवरी रडली. तुला लग्नाबद्दल विचारून विचारून काकूंनी हात टेकले होते आणि तू आल्प्समध्ये दुसऱ्यांची लग्नं लावत होतीस. मी इतकी हसले की दुपारचं विसरले. हो, विसरले. हे मी आज तुला कबूल करते.

रविवारी उतरताना तू सगळ्यांच्या पुढं होतीस. खाली तळ्याशी पोचून आपण पाणी बर्फासारखं असताना पाय सोडून बसलो, तू माझ्या फोडांवरून मला चिडवत होतीस. तेवढ्यात हाना माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली की तिचा नवरा असाच भिंतीला हात लावून थांबायचा. ही भूक नव्हे. हिला डॉक्टरकडे ने, तिच्यावर सोडू नकोस. मी हो म्हटलं.

मी नेलं नाही. तुला गाडीत सांगितलं, तू कबूल केलंस, एवढ्यावर मी समाधान मानलं. तू एकदा गेलीस, कार्डिओग्राम काढलास, त्यांनी पुढची तपासणी सांगितली. तेव्हा तुझं काम वाढलेलं, मग मी भारतात परतले, लग्न करून बरखेड्यात आले, ज्या गल्ल्यांत तू सायकल शिकलीस तिथंच मला क्वार्टर मिळालं. फोनवर मी दोनदा विचारलं. भोपाळला आले की करते, म्हणालीस. मग तुझे बाबा गेले आणि तू दोन वर्षांपूर्वी कायमची आलीस, आईजवळ राहायला. दर शनिवारी सकाळी माझ्याकडे फिरायला यायचीस. भोपाळसारख्या चढउतारांच्या गावात आपण दोघी सपाट रस्ते शोधत फिरायचो आणि का, ते दोघींपैकी कुणी बोलत नव्हतं. रायसेनच्या किल्ल्यावर जाऊ म्हटलं की तू म्हणायचीस ऊन उतरू दे, मग पाऊस जाऊ दे. एकदा मी रस्त्यातच थांबून विचारलं की ती तपासणी केलीस का. तू इतकी चिडलीस की आठ दिवस फोन उचलला नाहीस. त्यानंतर मी विचारलं नाही. मला तुझ्याशी अबोला नको होता, इतकंच खरं कारण आहे. त्याला दुसरं चांगलं नाव देता येत नाही.

तुझ्यावर मी रागावले आहे. तुझ्या आईसाठी तू नऊ वर्षं एक नाटक नीट वठवलंस, आणि त्याच आईसाठी अर्ध्या तासाची तपासणी करून घेतली नाहीस. हे भांडण आपलं राहिलं. तू असतीस तर मला म्हणाली असतीस, टेन्शन नको घेऊ, शुभा. मी घेतलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या शनिवारी अकराच्या सुमाराला मी तुमच्या घरी गेले. जाताना ठरवून गेले होते की तुला दिलेला शब्द मोडायचा. रिक्षात दोनदा वाटलं परत फिरावं. काकूंना सांगायचं म्हणजे पोरीनं नवस पाळला नाही हे सांगायचं, आणि मला ठाऊक होतं नि मी गप्प बसले हेही सांगायचं. एक सांगून दुसरं झाकायची सोय नव्हती.

काकू दिवाणावर बसल्या होत्या, निखिल आत कुकर लावत होता. मला बघताच त्यांनी सुरू केलं, शनिवार होता गं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, काकू, थांबा, आज मी सांगते. डोंगरापासून सुरुवात केली. दगडाला धरून उभी होतीस ते सांगितलं. तिला आधीपासून त्रास होत होता आणि मला, इथपर्यंत आले आणि घरामागून आगगाडी आली. तुमच्या घरात गाडी जाईपर्यंत बोलणं थांबवायची सवय आहे, रूळ इतके जवळ. नेमकी मालगाडी होती. ती संपता संपेना आणि काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तेवढ्या वेळात त्यांना बहुतेक सगळं कळलं. गाडी गेल्यावर मी वाक्य पूर्ण केलं.

"तू मला सांगायला पाहिजे होतं," काकू म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्यांनी हात काढून घेतला. जाऊ दे, झालं ते झालं, असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मला ते अपेक्षितही नव्हतं. मग मी उपवासाचं सांगितलं. म्युनिकचं सांगितलं, टोस्टचं, अंड्यांचं, सूपचं. निखिल दारात येऊन उभा राहिला होता. काकूंनी विचारलं की इथं आल्यावर पण का. मी म्हटलं, इथं पण. फिरून झालं की मार्केटमधल्या ठेल्यावर आम्ही नाश्ता करायचो, दर शनिवारी, आणि मग ती घरी यायची.

"म्हणून अर्धी खिचडी टाकायची," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगायचे, माझी पोरगी उपवास किती कडक करते."

त्यांचं तोंड वाकडं झालं. रडू येतंय की हसू, त्यांनाच कळत नसावं. बराच वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मला वाटलं आता उठून जायला सांगतील.

"त्या दिवशी पण खाल्लं होतं?"

"हो काकू. साडेसातला. नंतर ती मावशींना आणायला स्टेशनवर गेली."

"काय खाल्लं?"

"पोहे. दोन प्लेट. वर जिलेबी."

"गरम होते?"

"वाफेवरचे होते."

काकूंनी डोळे मिटले. मग निखिलला म्हणाल्या की ताटं घे, हिलाही वाढ. त्यानं वरणभात आणला. शनिवारी भर दुपारी तुझी आई माझ्यासमोर बसून जेवली, सावकाश, पूर्ण, दुसऱ्यांदा भात मागून. माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ताट बाजूला सारल्यावर भिंतीकडे बघत आपल्याशीच म्हणाल्या, "उपाशी नाही गेली."